रविवारी काउन्सेलरकडे

सुरुवात झाली ती फाटकापाशी. रविवार, सकाळचे साडेनऊ. खांद्याला झोळी, झोळीत दोन जाड पुस्तकं, पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा. गाडी काढत होतो, तेवढ्यात बी विंगचे अण्णा दुधाच्या पिशव्या घेऊन आले. "काय, रविवारी सकाळी सकाळी कुठं स्वारी?" मी घाईत होतो. म्हटलं, "काउन्सेलरकडे. उशीर झालाय हो." अण्णा "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि पिशव्या उगाचच या हातातून त्या हातात घेतल्या.

आता हे सांगायला हवं की मी इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, समाजशास्त्रात एम.ए. करतोय. वय सत्तेचाळीस असताना प्रवेश घेतला. इग्नूत वर्ग नसतात, रविवारी अभ्यासकेंद्रावर शंकासमाधानाचे तास असतात आणि ते घेणाऱ्यांना अकॅडमिक काउन्सेलर म्हणतात. विद्यापीठानं दिलेला शब्द आहे, मी फक्त वापरला. पण सिंहगड रोडवरच्या अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीत काउन्सेलर या शब्दाला एकच अर्थ आहे.

पुढच्या रविवारी अण्णांनी विचारलंच नाही. नुसता हात वर केला, आजाऱ्याला बघून आल्यावर निघताना करतात तसा. मग शेजारच्या काकूंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली. आमच्याकडे चतुर्थी नव्हती, त्यांच्याकडेही नसावी. डबा परत द्यायला बायको गेली तर तिला दारातच, हळू आवाजात, "बोलत असतात ना घरात? बोलतं ठेवायचं" असा सल्ला मिळाला. मी सोसायटीचा खजिनदार. चार वर्षं त्या वह्यांतून सुटका करा म्हणून सभेत हात जोडत होतो, कोणी ऐकत नव्हतं. या वेळी सेक्रेटरी स्वतः घरी आले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्यावर ताण नको. हिशेब आम्ही बघतो. तुम्ही जरा स्वतःकडे बघा."

त्याच आठवड्यात मी टाल्कट पार्सन्स हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ वाचत होतो. १९५१ साली त्यांनी मांडलं की आजारपण ही समाजानं ठरवून दिलेली एक भूमिका आहे. आजाऱ्याला नेहमीच्या कामांतून सूट मिळते, आजाराचा दोष त्याच्यावर येत नाही; बदल्यात त्यानं बरं व्हायची इच्छा दाखवायची आणि डॉक्टरचं ऐकायचं. सूट मला मिळाली होती. बरं व्हायची इच्छा दाखवणं तेवढं बाकी होतं, आणि ते मी करत नाही हीच सोसायटीची काळजी असावी.

मी खुलासे करून पाहिले. "अहो, ते शिकवतात, समाजशास्त्र." समोरचा मान हलवतो आणि तुमच्याकडे फार मायेनं बघतो. या मायेवर उत्तर नाही. जितकं समजावून सांगावं तितकं समोरच्याला पटत जातं की याला स्वीकारायला जड जातंय.

डेव्हिड रोझेनहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा गाजलेला लेख नेमका याच गोष्टीवर आहे. आठ धडधाकट माणसं बारा मनोरुग्णालयांत गेली, आवाज ऐकू येतात एवढंच खोटं सांगितलं, आत घेतल्यावर नेहमीसारखी वागली, तरी त्यांचं प्रत्येक वागणं आजाराच्या खात्यावर मांडलं गेलं. त्यातला एक वहीत टिपणं काढायचा, तर नर्सनं नोंद केली की रुग्ण लेखनाची क्रिया करतो. मीही संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बाकावर बसून वहीत टिपणं काढतो. आता प्रामाणिकपणे हेही सांगतो की सुझॅना कॅहलन या पत्रकार बाईंनी २०१९ साली या प्रयोगाची पाळंमुळं खणली आणि त्यावर फार गंभीर शंका उभ्या केल्या. म्हणून परीक्षेत रोझेनहान लिहिताना मी हात आखडता घेतो. पण त्यांचा प्रयोग खोटा निघाला तरी आमची सोसायटी खरी आहे.

हे सगळं मला नवं असायला नको होतं. १९९८ ते २०२० अशी बावीस वर्षं मी एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, आणि त्यातली बहुतेक वर्षं मनोविकारांच्या गोळ्या विकल्या. हेडक्वार्टर पुणे, बाहेरचे दौरे सातारा, बारामती, सोलापूर. कोविडात कंपनीनं आमची सगळी डिव्हिजन बंद केली. हल्ली एका स्टॉकिस्टकडे अर्धा दिवस हिशेब बघतो आणि उरलेला अर्धा दिवस दुर्खीम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ.

एमआरचं आयुष्य म्हणजे वेटिंग रूम. डॉक्टरशी बोलायला दीड मिनिट मिळतं, त्यासाठी दीड तास बसायचं. टिळक रोड, कर्वे रोड, जंगली महाराज रस्ता, तिकडे हडपसर, या सगळ्या भागांतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या बाकांवर मी इतका बसलोय की डॉक्टरांपेक्षा त्यांच्या पेशंटांना जास्त ओळखत असेन. तेव्हा मला हे समाजशास्त्र आहे हे माहीत नव्हतं. वेळ जात नाही म्हणून बघत बसायचो.

बघितलं ते असं. बाहेरच्या पाटीवर नुसतं 'मनोविकार' क्वचित असतं, 'मेंदू व मनोविकार' असतं. मेंदू हा इभ्रतदार अवयव आहे, त्याला काही झालं तर सांगता येतं. आत लोक एकमेकांकडे तोंड करून बसत नाहीत. विचारलंत तर प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी सोबत आलेला असतो. एक रिक्षावाले बायकोला दर महिन्याला आणायचे, वर्षानुवर्षं. रिक्षा दाराशी मीटर डाउन करून उभी करायचे. मी एकदा म्हटलं, मामा, मीटर कशाला पळवताय? तर म्हणाले, ओळखीचं कोणी भेटलं तर सांगता येतं, पॅसेंजर आणलाय.

पण आणायचे. हे महत्त्वाचं, कारण नवरे फार दिसायचे नाहीत. मुलाला आई आणायची. भावाला बहीण आणायची. सुनेला सासू एकदा आणायची, दुसऱ्या खेपेला तिची आई आणायची, म्हणजे मधल्या काळात तिला माहेरी पाठवून झालेलं असायचं: बरी झाली की आणून सोडा. पुरुषाचं पिणं नोकरी जाईपर्यंत आजारात मोडायचं नाही. बाईचं रडणं स्वयंपाक थांबेपर्यंत मोडायचं नाही. आजार केव्हा सुरू झाला हे डॉक्टर केसपेपरवर लिहितात, पण आजार आहे हे घर ठरवतं, आणि घरातलं काय अडलं यावर ठरवतं.

डॉक्टर नेहमी लांबचा लागतो. साताऱ्याचे पेशंट पुण्याला यायचे आणि पुण्याचे साताऱ्याला जायचे. वाटेत कुठंतरी दोन्ही एसट्या एकमेकींना ओलांडून जात असतील. औषधाचं दुकानही लांबचं. आम्ही आरसीपीए करायचो, म्हणजे डॉक्टरच्या आसपासच्या केमिस्टकडे जाऊन कुठल्या कंपनीच्या गोळ्या किती खपतात ते बघायचं. केमिस्ट सांगायचे, लोक गोळ्यांची पाकिटं घेत नाहीत. स्ट्रिप दुकानातच फोडून गोळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या बाटलीत भरून नेतात. एका गृहस्थांनी कात्री मागून स्ट्रिपवरचं नाव तेवढं कापलं होतं. केमिस्टला चिंता अशी की मुदतीची तारीखही त्याबरोबर गेली.

एक उलटा दौरा सांगतो. सकाळी सरकारी ओपीडी, संध्याकाळी एका बड्या वस्तीतलं क्लिनिक. सकाळी रांग जिन्यापर्यंत, एका माणसाला तीन मिनिटं, "झोप लागते का? गोळ्या चालू ठेवा. पुढचा." डॉक्टरांना दोष देत नाही, रांगेकडे बघितलं तर तीन मिनिटंही उदार वाटतात. संध्याकाळच्या क्लिनिकात पाऊण तासाची भेट, कोपऱ्यात मनीप्लांट, टिश्यूचा डबा, आणि गोळी द्यायची की नाही यावर चर्चा. आजाराचं नाव अनेकदा तेच. पुढे मला कळलं की ऑगस्ट हॉलिंग्सहेड हे समाजशास्त्रज्ञ आणि फ्रेडरिक रेडलिच हे मनोविकारतज्ज्ञ या दोघांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात हेच मोजलं होतं, १९५८ चं पुस्तक. वरच्या वर्गाला बोलून केलेले उपचार. खालच्या वर्गाला औषधं, विजेचे झटके नाहीतर नुसतं ठेवून घेणं. वरच्या वर्गातला माणूस घरच्यांच्या, मित्रांच्या सल्ल्यानं डॉक्टरकडे पोचायचा. खालच्यातला पोलीस आणि कोर्टामार्फत. ते पान वाचताना मला माझ्या बॅगेचं वजन आठवलं. सकाळच्या ठिकाणासाठी स्वस्त ब्रँड, संध्याकाळसाठी महाग, एकाच बॅगेत दोन कप्पे.

कोणी असं समजू नये की आजार थोतांड आहे आणि गोळ्या म्हणजे कंपन्यांचा डाव. असले लेख लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी एकदा आवाज ऐकू येणाऱ्या माणसाबरोबर रात्र काढावी. गोळ्या उपयोगी पडतात. मी विकल्या म्हणून नाही म्हणत, घरात बघितलंय म्हणून म्हणतोय. ते पुढे सांगतो.

जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस या ब्रिटिश संशोधकांचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांच्या नैराश्याचा त्यांनी अभ्यास केला, १९७८ साली पुस्तक आलं. मोठा आघात झाला तर सगळ्याच खचत नाहीत. मग कोण खचतं? जिला मन मोकळं करायला जवळचं कोणी नाही. जिच्या घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं आहेत. जी घराबाहेर नोकरी करत नाही. जिची आई ती अकरा वर्षांची व्हायच्या आत गेली. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हे शोधायला लंडनला कशाला जायला पाहिजे? मंडईत विचारलं असतं तर सांगितलं असतं कोणीही." खरं आहे. पण मंडईतल्या बाईचं म्हणणं केसपेपरवर चढत नाही, तिथं फक्त गोळीचं नाव चढतं.

आपल्याकडे या सगळ्याला शब्द किती! 'टेन्शन' हा त्यातला सगळ्यात सोयीचा, त्यात काहीही बसतं. 'डोक्यावर परिणाम झालाय', 'बाहेरचं आहे', 'नजर लागली', 'सटकलाय', 'मेंटल आहे'. वेड हा तर अजबच शब्द: क्रिकेटचं वेड असलं तर कौतुक, नुसतं वेड असलं तर दार बंद. पण माझ्या मते सगळ्यात ताकदीचा शब्द 'स्वभाव' आहे. 'त्याचा स्वभावच तसा आहे.' या एका वाक्यावर मराठी घरं तीस-तीस वर्षं चालतात. स्वभाव म्हटलं की डॉक्टर नको, औषध नको, आणि कोणाला उत्तरही द्यायला नको.

पुण्यात आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे 'येरवडा'. याला येरवड्याला पाठवा म्हटलं की तुरुंगात की मनोरुग्णालयात हे बोलणाराही सांगत नाही, ऐकणाराही विचारत नाही. मुंबईकर हेच ठाण्याचं नाव घेऊन म्हणतात. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. त्यातलं येरवड्याचं अडीच हजारांवर मंजूर खाटांचं. येरवड्यात राहणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला गावाकडच्या लग्नात पत्ता सांगितला की हशा ठरलेला. त्यानं पुढे कल्याणीनगरजवळ असं सांगायला सुरुवात केली.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन १९५५-५६ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या सात हजारांवर रुग्णांच्या रुग्णालयात वर्षभर वावरला. काम कागदावर क्रीडा विभागातल्या मदतनिसाचं. त्यातून १९६१ चं पुस्तक निघालं. झोपणं, काम, करमणूक सगळं एकाच छपराखाली, एकाच अंमलाखाली, घड्याळाच्या ठोक्यावर, अशा जागांना त्यानं एका ओळीत बसवलं: मनोरुग्णालय, तुरुंग, लष्करी बराक, निवासी शाळा, मठ. पुण्याच्या नकाशावर बोट फिरवलं तर येरवड्यात दोन आणि नदी ओलांडून खडकीला तिसरी, लष्कराची. गंमत म्हणजे अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली व्यसनमुक्ती केंद्र काढलं ते याच मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि त्याचं नाव मुक्तांगण. त्या भिंतीच्या आत हे नाव देणाऱ्याला सलाम.

दुर्खीमबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर सगळेच लिहितात. १८९७ साली त्यानं दाखवलं की आत्महत्या ही वरकरणी सगळ्यात खाजगी गोष्ट, पण तिचं प्रमाण समाजागणिक ठरावीक असतं. प्रोटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा जास्त, एकट्यांत संसारी लोकांपेक्षा जास्त. पुढच्या टीकाकारांनी विचारलं, हे आकडे लिहिले कोणी? कुठल्या मृत्यूला काय म्हणायचं हे ठरवणारा कारकूनही समाजातच राहतो ना? हा मुद्दा मला दौऱ्यावर, एका तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर कळला होता. आपल्याकडे शेतकरी आत्महत्यांची सरकारी वर्गवारी आहे, पात्र आणि अपात्र. एक लाखाची मदत मिळायची तर सातबारा पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे, वसुलीचा तगादा दिसला पाहिजे. विनापरवाना सावकाराकडून घेतलं असेल तर दुःख अपात्र. टपरीवाला कोणाबद्दल तरी सहज म्हणून गेला, "त्याची अपात्र झाली." जणू सहामाही परीक्षा. (कुणाला आत्ता गरज असेल तर लिहून ठेवतो: १४४१६, सरकारची टेलिमानस ही फोनसेवा, मराठीत बोलता येतं.)

आकड्यांचं निघालंच आहे तर, २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्सनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. बारा राज्यं निवडली होती, त्यात महाराष्ट्र नव्हता. आपण आपल्याबद्दल गुजरात आणि मध्य प्रदेशाकडे बघून अंदाज करायचा. म्हणजे पुन्हा शेजाऱ्यांवरूनच.

कायदा मात्र वाचण्यासारखा आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'लुनसी', म्हणजे वेड, होतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ पासून लागू झाला, त्याच्या मसुद्यामागे आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या मंडळींचाही हात आहे. त्याच्या कलम ३ मध्ये म्हटलंय की माणसाची राजकीय, आर्थिक, सामाजिक पत, त्याचा वंश-धर्म-संस्कृती, किंवा आजूबाजूच्या नैतिक-सामाजिक चालीरीतींशी त्याचं न जमणं, यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. समाजशास्त्राची अर्धी प्रश्नपत्रिका एका कलमात. साखळीनं बांधायला बंदी, भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला साखळ्यांत असलेली २८ माणसं आगीत गेली, ते आठवलं की ही बंदी कोणाच्या नावानं आहे ते कळतं.

लग्नाच्या कायद्याची चाल हळू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींत वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्मारही होता. तो १९९९ साली काढला. वेड अजून आहे.

१९९९ सालीच माझं लग्न झालं. त्याआधी आमच्या सोसायटीची गोष्ट पुरी करतो.

मुलगी चोवीस वर्षांची. चिंचवडहून एक स्थळ सांगून आलं होतं, मध्यस्थ माझी मावशी. एके दिवशी मावशीचा फोन. इकडचं तिकडचं झालं आणि मग, "अरे, तुझी काही ट्रीटमेंट चालू आहे का? नाही, त्यांच्याकडून विचारणा आली. त्यांचे कोणी तरी तुमच्याच सोसायटीत आहेत. मी सांगितलं, तसलं काही नाही आमच्यात." गॉफमनचा आणखी एक सिद्धांत आहे, १९६३ चा, की कलंक ज्याच्यावर बसतो त्याच्याजवळच्यांनाही लागतो. परीक्षेसाठी मी त्याचं भाषांतर 'सोबतीचा कलंक' असं करून ठेवलं होतं. फोनवर मात्र मला सिद्धांत आठवला नाही. मला घाम फुटला. मी फोन ठेवला आणि इग्नूच्या ओळखपत्राचा फोटो काढून मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवला. मग अभ्यासकेंद्राचं वेळापत्रक पाठवलं. मग, मला सांगायला लाज वाटते, एका असाइनमेंटचे गुणही पाठवले.

मुलगी मागून बघत होती. म्हणाली, "बाबा, खरंच ट्रीटमेंट चालू असती तर काय पाठवलं असतंत?"

ते स्थळ पुढे सरकलं नाही. त्याला कारण मी नव्हतो, हिला बंगळूरला नोकरी लागली आणि त्यांना सून पुण्यात हवी होती. पण तिचा प्रश्न डोक्यात राहिला, कारण मला उत्तर माहीत होतं. आमच्या घरानं ते १९९९ साली दिलेलं आहे.

शनिवार पेठेत आमचा वाडा होता, दोन खोल्या आणि वर माडी. माडीवर मधुकाका. वडिलांचा धाकटा भाऊ. एका छापखान्यात खिळे जुळवायचा, हात अतिशय साफ. पंचविशी ओलांडल्यावर एक दिवस कामावर गेला नाही, मग कधीच गेला नाही. रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्यांत आपल्याबद्दल सांगतात असं त्याला वाटायचं, आणि बातम्यांत जे सांगायचं राहून गेलं ते तो महापालिकेला पत्रानं कळवायचा, सुरेख अक्षरात. गणपतीचं मखर मात्र त्याच्यासारखं पेठेत कोणी करत नसे. आम्हा मुलांना एवढंच सांगितलं होतं की काकाचा स्वभाव तसा आहे. कोणी मोठं पाहुणं यायचं असलं की आजी म्हणायची, "मधू, जरा सारसबागेत जाऊन ये," आणि हातावर शेंगदाण्याचे पैसे ठेवायची. तो जायचा. त्याला कळायचं का जायचं ते.

मी एमआर झालो, गोळ्यांची माहिती तोंडपाठ झाली, तेव्हा पहिल्यांदा मला त्याच्या स्वभावाचं नाव कळलं. बाबांशी भांडून मी त्याला डॉक्टरकडे नेलं. कुठल्या? साताऱ्याच्या. पुण्यात पन्नास डॉक्टर माझ्या रोजच्या ओळखीचे होते, नेमकं म्हणूनच. स्वारगेटहून एसटी, काका खिडकीशी, मांडीवर दहीभाताचा डबा. गोळ्या मी सॅम्पलमधून आणायचो आणि त्याही बी-कॉम्प्लेक्सच्याच बाटलीत भरायचो. तीन-चार महिन्यांत फरक पडला. रेडिओ त्याच्याबद्दल बोलायचा थांबला. झोप लागू लागली. तो खाली आमच्यात येऊन जेवायला लागला.

आणि मग माझं लग्न ठरायची वेळ आली. मुलगी दाखवून झाली होती, आता तिच्या घरचे वाडा बघायला येणार होते. काका तेव्हा चांगला होता, पोहे त्यानंच ढवळले असते. पण आदल्या रात्री आई म्हणाली, उद्या आत्याबरोबर त्यांना आळंदीला पाठवू या. कोणी विरोध केला नाही. मी तर मुळीच नाही. सकाळी धुतलेला सदरा घालून काका तयार होता. आवाजांवर गोळी होती, आळंदीवर नव्हती.

बायकोला मधुकाका कळला लग्नानंतर चौथ्या दिवशी. ती माडीवर वाळवण घालायला गेली तर तो तिथं बसून घोटीव कागदाचा आकाशकंदील करत होता, दिवाळीला दोन महिने असताना. खाली येऊन तिनं मला सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं, आळंदीसकट. मला वाटलं आता माहेरी फोन जाणार. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या दिवशी आळंदीला जेवले होते का ते?" मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

काका २००४ साली गेला, हृदयविकारानं. पेठेतला वाडाही आता नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा त्याचा एखादा फोटो शोधत होतो. आमच्या मुंजीच्या, लग्नाच्या अल्बमात तो नाहीच. एका गणपतीच्या फोटोत मखराच्या मागे एक हात दिसतो, तो त्याचा असावा. तर्जनीला शाईचा डाग आहे. आईला दाखवायला नेला. ती चौऱ्याऐंशीची आहे, नजर कमी झालीय, फोटो डोळ्यांजवळ धरून तिनं बराच वेळ पाहिला.

"त्याचाच. स्वभाव तसा होता रे, नाहीतर हाताला कला होती."

"आई, तो आजारी होता."

"तेच ते." फोटो तिनं पदराला पुसून परत दिला. मग म्हणाली, "तू हे सगळं लिहिणारेस? कुठं कुठं वाचतील ते?"

"लिहितोय."

"लिही. आडनाव घालू नकोस."

नाही घातलं.